रऊफभाईंना मिळालेला खो

रऊफभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खो-खोच्या मैदानात तीन मुलींच्या मागे धावत होते. वय पासष्टीच्या पुढे, गळ्यात हिंदकळणारा कॅमेरा, दाढीत कापूस. सर शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले होते आणि मुली हसून जमिनीवर लोळत होत्या.

झालं होतं ते असं. केडगावात पुणे रस्त्याला त्यांचं गाद्यांचं दुकान. दर रविवारी सकाळी दुकान मुलाच्या ताब्यात देऊन ते मैदानावर यायचे आणि ओळीच्या टोकाला, खांबाजवळ, मुलींसारखेच उकिडवे बसून फोटो काढायचे. सर हाकलायचे, हे पुन्हा येऊन बसायचे. त्या दिवशी एका नव्या चिमुरडीने घाईघाईत त्यांच्याच पाठीवर थाप मारली, "खो!" आणि हे उठले की!

"अहो, तुम्ही कशाला उठलात?" ते धापा टाकत बाहेर आल्यावर मी विचारलं.

"भाभी, पोरगी नवीन आहे. मी बसून राहिलो असतो तर तिला वाटलं असतं, आपलाच खो चुकला."

त्या वेळी मी तरुण होते. म्हणजे बासष्टची. नातीला, इराला, मैदानावर सोडायला जायचे आणि नवा मोबाईल हातात असल्यामुळे स्वतःला मोठी फोटोग्राफर समजायचे. कपाळावर गॉगल, पायात इराचे जुने बूट. माझ्या फोटोंत इरा धावताना, इरा पाणी पिताना, इरा नाक पुसताना. बाकीच्या मुली म्हणजे कडेला आलेलं कुणाचं तरी कोपर. रऊफभाई एकदा माझा मोबाईल बघून म्हणाले, "भाभी, बाकीच्या आल्याच नव्हत्या का आज?"

ते स्वतः बसलेल्या मुलींचे फोटो घ्यायचे. "पळणारी कुणालाही दिसते. खो कधी मिळेल म्हणून कान टवकारून बसलीय ना, तिचं तोंड बघा." कॅमेरा जुना. आपोआप होणारं काही त्यांना पटत नसे, भिंगाची कडी हाताने फिरवून नेम धरायचे. फोटो मात्र सगळे धुकट. आम्ही काही म्हणालो की फुंकर मारून सांगायचे, "कापूस बसला असेल भिंगावर." गादीवाल्याच्या भिंगावर कापूस बसणारच. आम्हा सगळ्यांना ते पटलेलं होतं.

त्या मुलींत पाथर्डीकडची पायल होती. आईबाप ऊसतोडीला जात, म्हणून ती केडगावात मावशीकडे राहून शिकायची. अंगाने काडी, पण हुलकावणी अशी द्यायची की पाठलाग करणारीला चक्कर यावी. त्या वर्षी बापाने फोनवर सांगितलं, टोळी निघताना तिलाही बरोबर न्यायचं. पायल रडली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "काय खेळती त्ये दाव तरी. मंग बघू."

"दाखवू की!" रऊफभाई म्हणाले. "असा फोटो काढतो, बाप टोळीतल्या सगळ्यांना दाखवत फिरेल."

टोळी निघायच्या आधीचा तो शेवटचा रविवार. सरांनी मुलींचे दोन संघ पाडले. पायल पळतीला, इरा पाठलागाला. रऊफभाईंनी फोटोमागून फोटो काढले. खेळ संपल्यावर आम्ही कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकलो. पहिला फोटो धुकं. दुसरा धुकं. शेवटपर्यंत नुसतं धुकं, त्यात काहीतरी निळं पळतंय. पायल म्हणाली, "चाचा, यात मी कोणती?" रऊफभाईंनी भिंग पुसलं, पुन्हा पुसलं. त्यांचा हात थांबला तेव्हा मला कळलं, कापूस भिंगावर नव्हता.

"भाभी, तुमच्याकडे काही आहे?"

माझ्याकडे एक होता. मी तो पुसून टाकायला बोट टेकवलंच होतं. इराने खांबाकडे सूर मारलाय आणि ती तोंडावर आपटलीय, ओठांना माती, एक वेणी आकाशात. आणि पायल खांबाच्या पलीकडे कमरेतून वाकलेली. इराची बोटं तिच्या पाठीपासून वीतभर लांब राहिलेली. एकदम स्वच्छ फोटो.

"हाच पाठवा."

"अहो, माझी नात तोंडावर पडलीय त्यात! तिला कापते आणि पाठवते."

"इराला कापलं तर पायल नुसती वाकलेली दिसेल, कंबर धरल्यासारखी. इरा पडलीय म्हणून कळतं, ही कशातून सुटली."

मी इराकडे पाहिलं. ती म्हणाली, "पाठव गं आजी. नाहीतर पुढच्या रविवारी मी हुकवू कुणाला?" तिला म्हणायचं होतं पकडू कुणाला. पण पायल तिच्या हातून हुकायचीच, हेही खरंच होतं.

मी पायलच्या बापाला पाठवला, रऊफचाचांच्या नावाने. बराच वेळ काही नाही. पायल मैदानातलं गवत उपटत बसली. मग मोबाईलवर बापाचा आवाज आला, मागे ट्रॅक्टरची फटफट: "चाचा, ही आमचीच हाय का? लई चपळ दिसती. आन् ती पडलेली पोर कुनाची हाय? तिला लागलं न्हाई ना?" आणि मग, "पायलीला ऱ्हाऊ द्या तितंच. तिच्या आईला बी दावतो."

मी नातीचं तोंड कापायला निघाले होते आणि त्या माणसाने आधी तिलाच लागलं का विचारलं. मी गॉगल कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

पुढे रऊफभाईंनी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले. पट्टी सुटल्यावर मैदानात आले, माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "भाभी, धुकं होतं तेच बरं होतं हो!"

मागच्या थंडीत ते गेले. आता खांबाजवळ मी बसते. उकिडवं जमत नाही, म्हणून प्लास्टिकचं स्टूल नेते. मोबाईल तोच. त्यात आता सगळ्या मुली असतात, बसलेल्या जास्त.

परवाच्या रविवारी पाठीवर सणकून थाप बसली. "खो!" वळून पाहिलं तर एक दात पडलेली नवी पोर. पलीकडून पायल ओरडली, "आजी, बसा! गुडघे सांभाळा!"

उठले. काय करणार, पोरगी शिकत होती.