जिथं उतरलो तिथं

लिहिणं माझं काम नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात उत्तरपत्रिकेपलीकडे काही लिहिणारा मीच पहिला, तोही अडखळत. चुकलंमाकलं तर माफ करावं. पण दिल्लीतली ती दुपार अजून डोक्यातून जात नाही.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजातून विद्यार्थी शिबिरासाठी माझी निवड झाली होती. पोरगं पहिल्यांदाच एवढ्या लांब जातं म्हणून बाबांनी नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातून सुटी काढली आणि सोबत आले. नवी दिल्ली स्टेशनावर उतरताच त्यांनी घड्याळाजवळचा एक बाक निरखून ठेवला. मग मी लहान असताना मूर्तिजापूरच्या बाजारात शिरताना सांगायचे, तेच सांगितलं, "चुकामूक झाली त जिथं उतरलो तिथंच येऊन बसाचं."

मी हसलो. "बाबा, दिल्ली आहे हे. बाजार नाही."

"मानूस हरवाले दिल्ली काय अन् बाजार काय."

दुपारी इंडिया गेट पाहायला गेलो. समोरचा रस्ता एवढा रुंद, की पलीकडचा माणूस बोटाएवढा दिसावा. पार टोकाला राष्ट्रपती भवनाचा घुमट. बाबा हिरवळीवर पाय ठेवायला तयार नव्हते. "पोलीस बोलन," म्हणाले. मी एकटाच पलीकडे पाणी आणायला गेलो. त्यांचा मोबाइल पॉवर बँकला लावून माझ्याच पिशवीत होता, आणि नंबर त्यांना आईचा तेवढा पाठ.

तेवढ्यात शिट्ट्या वाजल्या. कोणा मोठ्या माणसाच्या गाड्या येणार म्हणून पोलिसांनी दोर ताणले. पलीकडून बाबांनी हात वर केला, मीही केला. पोलीस लोकांना मागे मागे सारत होते. गाड्या गेल्या, दोर सुटले. बाबा नव्हते.

मी कमानीला दोनदा वळसा घातला. दगडावर कोरलेली सैनिकांची नावं वाचत असतील म्हणून तिथं पाहिलं. रस्त्यालगतच्या कालव्याच्या कडेनं धावलो. एका पोलिसाला सांगितलं, पांढरा शर्ट, गळ्यात निळा गमछा.

"भाई, आधी दिल्ली सफेद शर्ट में है," तो म्हणाला. पण माझा चेहरा पाहून वायरलेसवर बोलला.

बाबांना हिंदी येते, पण कोणाला काही विचारायचं म्हटलं की त्यांची मान खाली जाते. दीड तास झाला. बाटलीतलं पाणी गरम झालं होतं. मधेच गावाहून आईचा फोन आला. "बाबाले दे" म्हणाली तर काय सांगू? मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदाही.

चौथ्यांदा मी फूटपाथवर बसलो आणि उचलला.

"काहून फोन कापून राहिला रे?" आई ओरडली. "तुहे बाबा टेशनावर येऊन बसले कवाचे. एका हमालाच्या फोनवरून तीनदा बोलले. म्हनते, पोरगं हरवलं, अजून बाकावर आलं नाही."