धूळपेरीची दवणसाळ

आमच्या वेल्हे तालुक्यातल्या मार्गासनी गावात सगुणाबाईंच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही. वजनकाट्यात खोट दिसली तर भर बाजारात बोलतील, सरपंचाचं चुकलं तर त्याच्या ओट्यावर जाऊन बोलतील. माझं किराणा दुकान भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाच्या गोदामाला लागून आहे, त्यामुळे माझ्याही वाट्याला ते पुष्कळ वेळा आलंय. अशा बाईने आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलावं आणि तेही नेमकं अर्जात जावं, याला काय म्हणावं?

आधी भाताचं सांगतो. आमच्या खोऱ्यात दवणसाळ पिकते. शिजताना दवण्यासारखा वास येतो, म्हणून हे नाव. तिचं रोप आम्ही राबावर करतो. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा आणि माती यांचे थर रचून जागा भाजून घ्यायची, तिथं रोप वाढवायचं आणि पाऊस लागला की खाचरात लावायचं. सगुणाबाईंचं माहेर भोर तालुक्यातलं, भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. तिथली सपाट खाचरं धरणाने कधीच गिळली. उरले ते उतार. तिकडे राब नाही आणि लावणीही नाही. पावसाच्या तोंडावर कोरड्या मातीत, धुळीतच बी पेरून मोकळे होतात.

एवढ्या एका गोष्टीवरून या बाईला सासरी किती ऐकावं लागलं! लावणीला हात जरा मागे पडला की सासू म्हणायची, धूळपेऱ्यांचीच ती, चिखलात वाकायची सवय कुठून असणार. जावा हसायच्या. पुढे सगुणाबाई सगळ्या वाडीच्या पुढे लावणी लावू लागल्या, तरी ते नाव काही सुटलं नाही. आणि गंमत अशी की दवणसाळीचं बी या गावात आणलं ते त्यांनीच. वैशाखात माहेरी गेल्या होत्या, तेव्हा भावजयीने, फुलाबाईंनी, निघताना फडक्यात बांधून दिलं होतं. दोन-चार वर्षांत ते खोरंभर झालं. सासू मात्र शेवटपर्यंत सांगत राहिली की हे बी आमच्या घरचं, पिढीजात. सगुणाबाईंनी तेही ऐकून घेतलं.

मग काही वर्षांपूर्वी मिताली आली. मुलगी भोरची, कायद्याचं शिकलेली, एका संस्थेत काम करते. तिने सगळ्यांना देवळात बसवून समजावलं की बाजारात कसलाही वासाचा तांदूळ दवणसाळ म्हणून खपतोय, ते थांबवायचं तर भौगोलिक मानांकन घ्यायला हवं. मग हे नाव या भागाचं, आणि ठरलेल्या रीतीने पिकवणाऱ्याचंच. नकाशात तिने भोर आणि वेल्हे दोन्ही घेतले होते, पोरीची त्यात काही चूक नव्हती. तिने विचारलं, या भाताची खास रीत कोणती? सगळ्यांनी सगुणाबाईंकडे पाहिलं.

"राब भाजल्याबिगर दवणसाळ न्हाई," त्या म्हणाल्या.

देवळात माना डोलल्या. मितालीने पुन्हा विचारलं, सगळीकडं असंच करतात ना?

"सगळीकडं," सगुणाबाई म्हणाल्या.

पुढे त्यांनीच मला सांगितलं की तो शब्द तोंडातून बाहेर पडताना वहिनीचा उतार डोळ्यांपुढे उभा राहिला होता. पण सगळं गाव आपल्या तोंडाकडे बघतंय, आपण राबवाल्यांच्या बाजूने बोलतोय आणि कुणी हसत नाही, हे सुख त्यांना सोडवलं नाही. बोललेलं माणूस विसरतं, पण अर्जात गेलं की त्याचा नियम होतो.

मानांकन मिळालं. पिशव्यांवर शिक्का आला, पुण्याची गिऱ्हाईकं यायला लागली. सगुणाबाईंचा मुलगा कुमार गटाचा सचिव झाला आणि दारोदार फिरून राबाची पाहणी करू लागला. सगळं कसं छान चाललं होतं, आणि दिवाळी झाल्यावर एक दिवस फुलाबाई टेम्पोत पोती घालून गोदामापाशी उतरल्या. म्हातारं माणूस, नसरापूरवरून एवढा वळसा घालून आलं. भोरच्या बाजारात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आता दवणसाळ म्हणून विकायची तर गटातूनच विकावी लागेल, नाहीतर गुन्हा होईल. म्हणून त्या गटात नाव घालायला आल्या होत्या.

कुमारने मामीच्या पाया पडून चहा मागवला आणि नियमाप्रमाणे विचारलं, राब कुठं केला होता? त्या म्हणाल्या, आमच्यात कुठला राब, आमची धूळपेर. कुमार अडला. पोरगा वाईट नाही, पण नियम म्हटला की त्याला नातं दिसत नाही. मामी, मग ह्याला दवणसाळ म्हणता येत नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. फुलाबाई चिडल्या नाहीत. बी आमच्यातलंच हाय, सगुणाला बोलवा, ती सांगंल, एवढंच म्हणाल्या.

सगुणाबाई आल्या. पोती बघितली आणि जागीच थबकल्या. कुमारने आईला सरळ विचारलं, तू तर म्हणाली होतीस, सगळीकडं राबच करतात. मी दुकानाच्या फळीवर बसून बघत होतो. सगुणाबाई एका पोत्याचं बांधलेलंच तोंड पुन्हा बांधत राहिल्या.

फुलाबाईंनीच त्यांना सोडवलं. "आसू दे. लई वर्सं झाली. तुला आठवलं नसंल."

"न्हाई आठवलं, वैनी," सगुणाबाई म्हणाल्या.

टेम्पो पोत्यांसकट परत गेला. तो तांदूळ फुलाबाईंनी नुसता जाडाभरडा म्हणून विकला, हे नंतर कळलं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. त्या दिवसापासून सगुणाबाईंचा बाजारातला आवाज बसला. मी मापात मुद्दाम खोट ठेवून पाहिली, तरी बोलल्या नाहीत. एकदा माझ्याकडे गूळ घ्यायला आल्या आणि गूळ तसाच ठेवून म्हणाल्या, मला आठवत होतं रे. पहिलं खोटं सासूच्या भीतीने बोलले असं म्हणू, पण सासू मरून किती वर्षं झाली? आणि दुसरं तर वहिनीच्या तोंडावर बोलले. मितालीला फोन कर, एवढं मी सांगितलं.

मिताली खजील झाली. धरणापलीकडे आपणच जायला हवं होतं, असं म्हणाली. रीतीत दुरुस्ती करता येते, पण गटाने ठराव करून अर्ज द्यावा लागेल आणि त्याला वेळ लागेल. शिमग्यानंतर सभा बसली. सगळ्यांना वाटलं, म्हातारी विसरली होती असं म्हणून भागेल. कुमारनेही आईला तेच शिकवून ठेवलं होतं. सगुणाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "मी विसरले न्हवते. बी माज्या माहेरचं, धुळीतलं. मला धूळपेऱ्यांची म्हणत व्हता, म्हणून मी खोटं बोलले."

चिडणारे चिडले. गटात वाटेकरी वाढतील म्हणून दोघे-तिघे तणतणत निघून गेले. कुमार आठवडाभर आईशी बोलला नाही. पण ठराव झाला.

तो कागद घेऊन सगुणाबाई वळवाच्या दिवसांत माहेरी गेल्या. पाया पडून सगळं सांगितलं, त्या दिवशीचं "न्हाई आठवलं" सुद्धा. फुलाबाई म्हणाल्या, ते ठावं हाय मला, तुझं तोंड दिसत व्हतं की. मग त्यांनी जेवायला वाढलं. भाताला तोच वास होता.

सगुणाबाईंनी जेवणाआधी हात धुता धुता विचारलं, उतारावरचं पेरून झालं का. फुलाबाई म्हणाल्या, झालं, इंद्रायणी पेरली. आणि दवणसाळ? फुलाबाईंनी त्यांच्या ताटाकडे बोट केलं. "बियाचं व्हतं, तेच कांडून शिजवलं. इकायला नाव न्हाई तर बी ठिवून काय करू?"

खाचरातली दवणसाळ आमच्याकडे पोत्यांनी आहे. पण वर्षानुवर्षं चिखलात वाढलेलं बी उतारावरच्या कोरड्या धुळीत टाकलं तर उगवतं आणि पावसाने ओढ दिली की करपून जातं. हे त्या दोघींनाही ठाऊक होतं.

"जेव," फुलाबाई म्हणाल्या, "गार हुतंय."

सगुणाबाई जेवल्या. त्यांनी ताटात एक शीतही ठेवलं नाही.