पेडल कोण बनवतं

त्या दुपारी आम्ही दोघांनी कूलर बंद केला, खिडक्या लावल्या आणि ट्रान्झिस्टर निवडायला बसलो. ग्वाल्हेरचा मे महिना. बनियन पाठीला चिकटलेलं. पण निवडताना कूलर लावायचा नाही, हा बायकोचा कायदा.

मी सातवीत शाळा सोडली. दाल बाजाराजवळ रेडिओ दुरुस्त करण्यात जिंदगी गेली. मग दर्पण कॉलनीतल्या घरी, मागच्या खोलीत, आम्ही गिटारची पेडलं बनवायला लागलो. पेडल म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी. गिटारचा साधा सूर आत जातो आणि फाटका, भरदार होऊन बाहेर येतो. मुंबई-बंगलोरचे वाजवणारे आमच्या डबीसाठी वर्ष वर्ष थांबायचे. काहींनी ती उघडून नक्कल केली. तारेला तार जुळली, आवाज नाही आला.

येणार कसा? त्यात जुन्या रेडिओतले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर लागतात. त्यातले दोन कधी सारखे नसतात, आणि गरमीत बिनसतात. बाकीचे लोक एसीत बसून मीटरवर निवडतात. मग स्टेजच्या दिव्यांखाली डबी रडायला लागते. आमची रडली नाही. इथल्या मे महिन्याच्या दुपारी जो टिकला तो कुठेही टिकेल, ही अक्कल बायकोची. आणि मीटर नाही, कान. ती मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. तानपुऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून सुराला जी झणझण आणतात, ती जवारी. ट्रान्झिस्टरमध्ये ती तीच शोधायची. मी एकेक लावून गिटारची तार छेडायचो, ती डोळे मिटून सांगायची, हा मेलेला, हा बोलतो. शंभरात चार बोलायचे. असा कान ग्वाल्हेरच्या सगळ्या लष्कर भागात नव्हता. आजही नाही.

आम्ही निवडत असतानाच पुण्याचा एक गिटारवाला आला. पन्नाशीचा, पांढऱ्या केसांची वेणी घातलेला. फूलबागेजवळ लॉजवर उतरला होता, डबी दुसऱ्या दिवशी न्यायची होती. त्याने माझ्या हातांचा फोटो काढला. हिला म्हणाला, काकू, तुमचं नशीब थोर. हिने त्याला पन्हं दिलं. मी गप्प. इतकी वर्षं गप्पच होतो. लोक मला उस्ताद म्हणायचे, बरं वाटायचं.

तो गेल्यावर ती म्हणाली, "हातांचा फोटो निघाला. कानाचा कुणी काढत नाही वाटतं?"

हसत म्हणाली, पण म्हणाली. मी म्हटलं, उद्या येईल तेव्हा सांगतो त्याला.

"तुम्ही? तुमच्या तोंडून निघेल तेव्हा खरं."

संध्याकाळी देवापाशी दिवा लावता लावता ती कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

सकाळी अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं. गिटारवाला आला आणि फाटकातच थबकला. नंतर येतो म्हणायला लागला. मी त्याचा हात धरून आत नेला, तिच्यासमोर उभा केला. सगळे नातेवाईक बघत होते.

"पेडल हिचं," मी म्हटलं. "आवाज हिने शोधायचा. मी नुसता तारांना डाक लावणारा. हे तुझ्या लोकांना सांग."

तो रडायला लागला. मी त्याला पाठीवरची गिटार उतरवायला सांगितली आणि तिरडी उचलली तेव्हा पुढचा एक खांदा त्याला दिला.