तिलसराच्या वहीतली सात मिनिटं

तिलसरा बुढाथोकीला प्रदेश सभेत, म्हणजे प्रांताच्या विधानसभेत, नोकरी लागली तेव्हा तिच्या सासूने सगळ्या आळीत सांगितलं, "आमची सून आता माननीयांच्या मधोमध बसते." ते खोटं नव्हतं. सभामुखांच्या, म्हणजे सभेच्या अध्यक्षांच्या, उंच आसनाच्या पायाशी हिरव्या कापडाचं एक टेबल होतं. तिथे ती बसायची आणि सभेत जे बोललं जाईल ते शब्दन् शब्द लिहून घ्यायची. मात्र तिने स्वतः तिथे तोंड उघडायचं नाही, असा नियम होता. सहा वर्षांत तिने तो कधी मोडला नव्हता. एकदा भर भाषणात एक गांधीलमाशी तिच्या मनगटावर डसली, तेव्हाही ती नुसती लाल झाली आणि डाव्या हाताने लिहीत राहिली.

त्याआधी ती अदालतीच्या भिंतीला लागून, ताडपत्रीखाली बसून, लोकांचे अर्ज लिहायची. बाकीचे लिहिणारे पक्षकाराचं अर्धंमुर्धं ऐकत आणि ठरलेला मजकूर खरडत. तिलसरा माणूस बोलेल तसंच लिही. एका म्हातारीने शेजाऱ्याच्या बोकडाबद्दल तक्रार सांगताना म्हटलं होतं, "बोकड धन्यावरच गेलाय, दिवसा लोळतो आणि दुसऱ्याचं खातो." तिने ते तसंच्या तसं अर्जात घातलं. न्यायाधीश हसले, शेजारी चिडला, म्हातारीला भरपाई मिळाली. असा तिचा हात होता, आणि हातापेक्षाही कान.

सभा भरायची ती शेतकी प्रशिक्षणाच्या जुन्या हॉलमध्ये. मागच्या भिंतीवर मक्यावर पडणाऱ्या किडींचा मोठा तक्ता अजून टांगलेला होता. तो काढावा असा प्रस्ताव दोनदा आला आणि दोन्ही वेळा चर्चा लांबल्यामुळे पुढे गेला. नवे सदस्य भाषण करताना घाबरले की त्या तक्त्याकडे बघत, आणि मध्येच एखाद्याच्या तोंडून अर्थसंकल्पाऐवजी खोडकिडा निघून जाई. तिलसरा तेही लिही.

पावसाळा सरताना, भदौ महिन्यातली ती बैठक अकराची होती, ती बाराला सुरू झाली. सुरुवातीला शून्य समय, म्हणजे ज्याला त्याला आपापल्या गावचं दुखणं मांडायला दोन-दोन मिनिटं. धनसरी बोहरा अस्वलांबद्दल बोलल्या. दुसरे एक जण युरिया खताबद्दल बोलता बोलता स्वतःच्या पक्षाबद्दल बोलून गेले आणि गडबडीने खाली बसले. मग उठले जक्तबहादुर रोकाया. विरोधी बाकावरचा उंच, हाडकुळा माणूस; ढाका टोपी कायम एका कानावर कललेली. त्यांच्या गावच्या झुलत्या पुलाचा पाया नऊ वर्षांत तीनदा घातला गेला होता. पूल मात्र नव्हता.

"सभामुख महोदय," ते म्हणाले, "तीन मंत्री आले, तीन वेळा अबीर लावला, तीन वेळा आम्ही माळा घातल्या. झेंडूची झाडं संपली आमच्याकडची."

आणि नेमके दिवे गेले.

दिवे गेले म्हणजे माईक गेला, आणि आवाज मुद्रित करणारं यंत्रही गेलं. जनरेटर सुरू व्हायला सात मिनिटं लागली. त्या अर्धवट अंधारात रोकाया ओरडून बोलत राहिले, सत्तारूढ बाकांवरून कुणी टेबल बडवलं, विरोधकांनी त्यांच्यापेक्षा जोरात बडवलं. पुलांचं खातं असलेले मंत्री छत्रध्वज शाही तावातावाने उभे राहिले, काहीतरी म्हणाले आणि बसले. तिलसरा खिडकीच्या उजेडात वही तिरकी धरून लिहीत होती.

दिवे आले तेव्हा सगळे उभे होते.

"यांनी मंत्र्यांवर आरोप केलाय," सत्तारूढ बाकावरचे एक सदस्य म्हणाले. "मंत्र्यांनी पूल खाल्ला, असं म्हणाले. माफी मागा."

"मी म्हणालो, पूल खाली गेला," रोकाया म्हणाले. "तुमच्या कानात मळ असेल तर मी काय करू?"

"जो पूल उभाच नाही, तो खाली जाईल कसा?"

"तेच तर मी नऊ वर्षं विचारतोय."

पाऊण तास हेच चाललं. खाल्ला की खाली. सभेची मर्यादा सांभाळणारा धिप्पाड जवान मधल्या वाटेत उभा राहून एकदा इकडच्यांना, एकदा तिकडच्यांना हात जोडत होता. सभामुख लोकमणि उपाध्याय मूळचे शाळामास्तर. त्यांनी हातोडी आपटून पाहिली, चष्मा काढून पाहिला, शेवटी वाकून खाली बघितलं.

"तिलसरा बहिणी, तुमच्या वहीत काय आहे?"

तिने वही वर धरली.

"मला नको. तुमचं अक्षर मला लागत नाही. उभ्या राहून वाचा."

 त्या वहीत काय आहे ते तिलसराला एकटीलाच ठाऊक होतं. तिची नेमणूक दर वर्षी नवी व्हायची, आणि ती सभामुखांच्याच सहीने व्हायची. तिने हळूच विचारलं, "महोदय, सगळं वाचू?"

"सगळं. शब्द गाळू नका."

ती उभी राहिली. सहा वर्षं ज्यांच्या तोंडाकडे ती बघत आली होती ते सगळे आता तिच्या तोंडाकडे बघत होते.  मग ताडपत्रीखाली पक्षकाराला अर्ज वाचून दाखवायची त्या सपाट आवाजात तिने सुरुवात केली.

"माननीय रोकाया : या नऊ वर्षांत पूल कुणी खाल्ला, एवढंच सांगा. टेबलं वाजतात. एक माननीय : बस खाली, गाढवा. दुसरे माननीय : गाढव कोण ते निवडणुकीत दिसेल. टेबलं वाजतात. माननीय सभामुख, स्वतःशी : हे मेले मला जेवायलाही सोडणार नाहीत."

उपाध्यायांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.  तिलसराने पान उलटलं. इथे थांबता आलं असतं. चक्कर आल्याचं सांगता आलं असतं. पण गाळू नका, असं सांगितलं होतं, आणि गाळून वाचायची तिला सवयच नव्हती.

"माननीय मंत्री शाही, उभे राहून : मी एकट्याने नाही खाल्ला."

आधी कुणीच हसलं नाही. मग पत्रकारांच्या बाकावरून फिसकन हसू आलं, मग धनसरी बोहरा तोंडाला पदर लावून हलायला लागल्या, आणि मग दोन्ही बाजू एकदम फुटल्या. रोकायांची टोपी पडली. मंत्र्यांशेजारचे दोन मंत्री तेवढे हसत नव्हते. ते एकमेकांकडे बघत होते.

"माझ्या बोलण्याचा अर्थ वेगळा होता," शाही म्हणाले.

"अर्थ मी लिहीत नाही, मंत्रीजी," तिलसरा म्हणाली, आणि आपण हे मोठ्याने बोललो हे कळल्यावर मटकन खाली बसली.

सभामुखांनी ती सातही मिनिटं, तिचं वाचन आणि तिचं वाक्य कामकाजातून काढून टाकायचा हुकूम दिला आणि बैठक जेवणासाठी थांबवली. तिलसराने हुकूमही लिहून घेतला. छापील इतिवृत्तात त्या जागी ठिपक्यांची दीड पानं आली. पण तोवर पत्रकारांनी आपलं काम केलं होतं. संध्याकाळी चिया पसलांत, म्हणजे चहाच्या दुकानांत, माणसं पेला उचलून "मी एकट्याने नाही प्यायलो" असं म्हणत होती, आणि खात्याला पुलाचे लोखंडी दोर कुठल्या गोदामात पडलेत ते आठवडाभरात सापडलं. थंडी सुरू झाल्यावर, मंगसिरात, पूल टांगला गेला. या वेळी अबीर लावायला कुणी मंत्री गेला नाही.

चौथ्या दिवशी छत्रध्वज शाही तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले तेव्हा नोकरी गेलीच असं धरून तिने टेबलाचा खण आधीच आवरून ठेवला होता. चष्म्याचं घर, सुपारीची डबी, मुलीचा फोटो पिशवीत गेला होता.

शाही खुर्ची ओढून बसले. दार लोटलंय ना ते त्यांनी वळून पाहिलं.

"बहिणी, एवढ्या गोंधळातही तुम्हाला सगळं ऐकू येतं?"

"येतं, मंत्रीजी."

"मग मला एक सांगा. मी भाषण करत असतो तेव्हा मागच्या बाकावर आपलेच लोक काय कुजबुजतात?"

तिलसराने त्यांच्याकडे पाहिलं. माणूस खरंच काळजीत दिसत होता. सहा वर्षांचं तिच्या कानात साठलेलं होतं, आणि त्यातलं निम्मं त्यांच्याच जवळच्या पुढाऱ्यांनी त्यांच्याबद्दल म्हटलेलं होतं.

"मागच्या बाकावरची कुजबुज कामकाजात धरत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून मी ते लिहीत नाही."

"लिहीत नसाल. पण ऐकता तर ना?"

"चिया घ्याल, मंत्रीजी?"

शाहींनी चिया घेतला, दोन पेले घेतले, आणि काही न कळताच गेले. जाताना मात्र त्यांनी दारातून मागे वळून विचारलं, "वाईट बोलतात का हो फार?"

तिलसराने पिशवीतून चष्म्याचं घर काढून परत खणात ठेवलं आणि म्हणाली, "टेबलं वाजतात त्याच्यात नीट कळत नाही."