तरंगायला निघालेली टाकी

डनेडिनच्या आमच्या घराला तळघर आहे आणि त्या तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या शेजारी डिझेलची टाकी. त्या हिवाळ्यात पावसाने उसंतच दिली नाही आणि एका दुपारी भिंतीतून पाणी झिरपायला लागलं. नवरा कामासाठी ऑकलंडला अडकलेला, विमानं रद्द. घरात मी आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई.

सासूबाईंनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यांनी टाकीवर टकटक केलं, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "अगं, ही जवळजवळ रिकामी आहे. पाणी वाढलं की तरंगेल, पाइप तुटेल, मग घरभर डिझेल."

भरलेली टाकी जागची हलत नाही, पण रस्ते बंद असल्याने डिझेलचा टँकर येणार नव्हता. नवऱ्याने फोनवर सांगितलं तसं मी तळघराची वीज बंद केली, टाकीची तोटी घट्ट फिरवली. राहिलं बांधायचं काम. त्यासाठी घरात होती ती फक्त कपडे वाळत घालायची दोरी.

मी शेजारणीला फोन केला. सत्तरी ओलांडलेल्या बाई गळ्यात ट्रेलरवर सामान बांधायचे जाड पट्टे अडकवून आल्या, अंगात टॉग्स आणि पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. उगाच कपडे कशाला भिजवायचे, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंनी पोहायच्या त्या पोशाखाकडे पाहिलं, नजर वळवली, आणि स्वतःची साडी वर खोचली.

एव्हाना पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. आम्ही पट्टे काँक्रीटच्या खांबांना अडकवून ओढायला लागलो, तर टाकी डुलायला लागली. सासूबाई शांतपणे स्टुलावरून तिच्यावर चढल्या.

"मी बसते. वजन कमी करा म्हणून डॉक्टर मागे लागलेत, एकदा त्याचा उपयोग तरी होऊ दे."

मला इतकं हसू आलं की पट्टा हातातून सुटला. शेजारीणबाईंनी तो पकडून आवळला.

पाणी गुडघ्यापर्यंत चढलं. पट्टे करकरले, पण टाकी हलली नाही. संध्याकाळी पाऊस ओसरला, तळघरात उतरून मी हुंगलं, तर डिझेलचा वाससुद्धा नव्हता.

बॉयलर तपासून होईपर्यंत घर गारठलेलंच राहणार होतं, म्हणून आम्ही शेजारणीच्या घरी शेकोटीपुढे जाऊन बसलो. सासूबाई आपल्या इंग्रजीत त्या बाईंना वस्तू का तरंगतात ते समजावत होत्या आणि त्या दर वाक्याला 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', म्हणत होत्या. शेवटी सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "गोड ते कशासारखं?"

मी म्हटलं, "आई, पुढचं इथे कुणी सांगतच नाही."