एक बांगडी जास्त

आमच्या घरात शिव्या मराठीतच द्यायच्या, असा रिवाज आहे. तंजावरात तो फार सोयीचा पडतो. घरमालक असो की बसचा कंडक्टर, त्याच्या तोंडावर त्याची उणीदुणी काढावीत आणि वर तमिळमध्ये गोड हसून विचारावं, कॉफी घेणार का? तीनशे वर्षं आमची माणसं इथं राहताहेत. शेतं गेली, मान गेला, देवनागरी वाचणारे तर बोटांवर मोजावेत. (मी स्वतः पंचविशीत शिकले, तीही हट्टानं.) पण आपली भाषा कुणाला कळत नाही, ही चैन अजून आहे. परवाच्या निवडणुकीत ह्याच चैनीनं आमची अशी फजिती केली की विचारू नका.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लग्न केलं नाही. सरकारी इस्पितळात बाळंतपणाच्या वॉर्डात तीस वर्षं नर्स होती आणि निवृत्त झाल्याच्या आठवड्यातच पक्षाची सभासद झाली. पक्ष म्हणजे देऊळ, परंपरा, कुटुंब म्हणणारा. मला तो फारसा पटत नाही, पण आत्याला कोण सांगणार? दहा वर्षं तिनं वक्त्यांना बोंडे तळून घातले, उन्हातान्हात मोर्चे काढले. तिरुवैयारूच्या मोर्चात चप्पल तुटली तर उरलेली हातात घेऊन चालली. या वेळी महापालिकेतला आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि आत्याला तिकीट हवं होतं. हवं होतं म्हणजे काय, न्हाणीघरात भाषणं चालायची! बाहेर पाण्यासाठी ताटकळणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्याशिवाय दार उघडायची नाही.

आणि नेमकी तेव्हाच पक्षात गर्भपातावरून जुंपली.

जिल्हा सचिव चाळिशीचा माणूस होता, नेसायला पांढरी वेष्टी, जाड मिशा, तोंडानं तमिळशिवाय अक्षर नाही. त्यानं एक शपथ टाइप करून आणली. कोणत्याही कारणानं गर्भ पाडणार नाही, आणि नवऱ्याच्या सहीशिवाय तर मुळीच नाही. महिला आघाडीनं सामुदायिक वळैकाप्पू करायचा, म्हणजे गरोदर बायकांना बांगड्या भरायचा समारंभ, आणि त्यात आत्यानं ही शपथ वाचायची, बायकांनी मागून म्हणायची. चेन्नैहून निरीक्षक येणार. सोमवारी यादी जाणार.

आघाडीच्या बैठका आमच्याच हॉलमध्ये व्हायच्या, कारण आमचा पंखा चांगला. त्या दिवशी पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू आला नाही. आघाडीतल्या एक शाळामास्तरीण शपथेच्या बाजूनं उठल्या. "मुलगी आहे म्हणून पाडलेली मी माझ्या शेजारी पाहिलीय, मला यात काही वावगं दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"मुलगी म्हणून पाडणं गुन्हाच आहे," आत्या म्हणाली. "त्याची पाटी वॉर्डात मी माझ्या हातानं ठोकलीय. पण या कागदात तसं कुठं लिहिलंय? आणि नवऱ्याची सही कायद्याला लागत नाही. तीस वर्षं मी हेच सांगत आले."

मग अर्ध्या बायका इकडे, अर्ध्या तिकडे. म्हातारे कार्यकर्ते म्हणत होते, हे राहू द्या, नळाच्या पाण्यावर बोला. तरुण म्हणत होते, हे सोडलं तर आपण कसला पक्ष? सगळे तणतणत निघून गेले. सचिव तेवढा थांबला. आत्यानं त्याला वडे आणि डांगर पचडी वाढली. उडदाच्या पिठाची ही आमची दह्यातली पचडी. बाहेरचा माणूस तिच्याकडे आधी संशयानं बघतो. ह्यानं मात्र केळीचं पान बोटानं निपटून काढलं.

"अक्का, शपथ वाचली नाहीत तर माझ्या हातात काही राहणार नाही," तो तमिळमध्ये म्हणाला.

माझा पारा चढला. मला सातवा महिना होता, आणि उमेदवाराची भाची म्हणून खुर्च्यांच्या रांगेत पहिली मीच बसणार होते. मी सरळ मराठीत सुरू केलं. "मी कुठल्या तोंडानं म्हणू गे ही शपथ? आणि तू कुठल्या तोंडानं वाचशील? मला तूच घेऊन गेलीस ना?"

दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात स्कॅनमध्ये कळलं होतं की बाळाच्या डोक्याची कवटीच धरलेली नाही. जन्मलं असतं तर फार तर काही तास. मी ठरवलं, नवरा माझ्याबरोबर राहिला, आणि आत्या त्या दाराबाहेर दिवसभर बसून होती. घरादाराला आम्ही "राहिलं नाही" एवढंच सांगितलं. खरं काय ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

"गप गे," आत्या म्हणाली. "हा टोणगा बसलाय समोर."

"बसू दे की! त्याला काय कळतंय? पाचव्या महिन्यात पाडलं ते मी हौसेनं पाडलं काय? विचार त्या टोणग्याला!"

टोणग्यानं कॉफीचा पेला खाली ठेवला, हात जोडले आणि निघून गेला.

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. न्हाणीघरातून आता भाषणाऐवजी शपथ ऐकू यायची. आत्या ती पाठ करत होती! मी दारावर थाप मारून ओरडले, "तिकिटासाठी वाच, खुशाल वाच!" आतून उत्तर आलं, "वाचीन नाहीतर चुलीत घालीन, माझं मी बघीन." दहा वर्षांची तिची तडफड मला दिसत होती, म्हणून रागही धड येईना. मी एकटीच रडले.

समारंभाच्या दिवशी मंगल कार्यालयात अकरा खुर्च्या, अकरा पोटं. लिंबाचा भात, चिंचेचा भात, दहीभात, चंदनाची वाटी, आणि हिरव्या-तांबड्या काचेच्या बांगड्यांची परातभर रास. एका हाताला दुसऱ्यापेक्षा एक बांगडी जास्त भरायची पद्धत आहे. ती जास्तीची कशासाठी, असं मी लहानपणी विचारलं होतं तेव्हा आत्या म्हणाली होती, कुणालाच ठाऊक नाही, भरायची म्हणून भरायची.

निरीक्षक पहिल्या रांगेत बसले. आत्यानं माईक घेतला, कागद उलगडला, चष्मा लावला. तिनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागदाची घडी करून कमरेला खोचली.

"म्हणा गं पोरींनो माझ्या मागून," ती तमिळमध्ये म्हणाली. "लोहाच्या गोळ्या मी खिडकीतून फेकणार नाही."

अकरा जणी आधी गोंधळल्या, मग म्हणाल्या.

"जेवण गरम असताना जेवीन, सगळ्यांचं झाल्यावर नाही." आता हसू फुटलं. "रक्त दिसलं तर सासूबाईंना विचारत बसणार नाही, इस्पितळ गाठीन. डॉक्टर जे सांगतील ते माझ्या कानांनी ऐकीन, आणि काय करायचं ते मी ठरवीन."

शेवटची ओळ बायकांनी अशी काही ठणकावून म्हटली की मागच्या रांगेतल्या सासवासुद्धा म्हणून बसल्या. मी तर हसत होते की रडत होते, मलाच कळेना. काय अभिमान वाटला मला तिचा! निरीक्षक सचिवाच्या कानाशी लागले. मी म्हटलं, संपलं, गेलं तिकीट.

सचिवानं माईक घेतला. "शपथ झाली," तो म्हणाला. "आता बांगड्या भरा."

मग परात घेऊन तो आमच्याजवळ आला, वाकला, आणि तमिळ सुरात, अडखळत, मराठीत म्हणाला, "अक्का, टोणगा म्हणटलं ते बरं नाही, हां."

आत्याच्या हातातल्या बांगड्या खळ्ळकन परातीत पडल्या. मेले मी! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आई माझी तुमच्यातली. मला बोलाला येत नाही. कळते सगळं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "त्या दिवशी घरी जाऊन आईला शपथ वाचून दाखवलो. पहिल्याच ओळीला ती उठून आत गेली. का, ते मी विचारलो नाही."

तिकीट मास्तरीणबाईंना मिळालं. सचिवानं आत्याचं नाव पाठवलं होतं, वर कुणीतरी खोडलं. एक अख्खी दुपार आत्या ढसाढसा रडली. तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाई दारात. "मी असते तर ती शपथ वाचली असती," त्या म्हणाल्या, "आजही वाचीन. पण वॉर्डातली अर्धी पोरं तुमच्या हातावर जन्मलीत. माझ्याबरोबर चला." आत्यानं पदर खोचला. दारोदार दोघी भांडत भांडत प्रचार करत हिंडल्या आणि बाईंना निवडून आणलं. आमच्या घरी मात्र शिव्यांची पंचाईत झाली, कारण सचिव आता वडे खायला वरचेवर येऊ लागला.

कळा सुरू झाल्या तेव्हाही तोच बसला होता. त्याच्याच झेंडा लावलेल्या जीपनं मला इस्पितळात नेलं. वॉर्डातली नर्स आत्याच्याच हाताखाली शिकलेली. "बांगड्या काढा," ती म्हणाली. आत्या साबण लावून एकेक बांगडी उतरवू लागली, मराठीत मोजत. डावा हात मोकळा झाला. उजव्या हातातली शेवटची, जास्तीची, उरली तशी ती थांबली.

सचिव दारातच उभा होता, माझी पिशवी घेऊन. त्याला ऐकू जाईल हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"ही राहू दे गे," आत्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली. "ही पहिल्या बाळाची."

"हो," मीही मोठ्यानंच म्हणाले. "पहिल्याचीच."

दारातल्या माणसानं पिशवी हळूच खाली ठेवली. "राहू दे, अक्का," तो म्हणाला.

सकाळी मुलगी झाली. बांगडी अजून माझ्या हातात आहे.