ऐंशी टक्क्यांपर्यंत

माझा स्वभाव संशयी आहे. गॅसचा सिलिंडर आला की मी तो हलवून बघते. रिक्षावाल्याने जवळचा रस्ता धरला तरी मला वाटतं, याचं तिकडे काहीतरी काम असणार. नवऱ्याने विजेवरची गाडी घेतली तेव्हा पहिले काही महिने मी तिच्यात जीव मुठीत धरूनच बसायचे. आवाज नाही, धूर नाही. चालू आहे की बंद, हेही कळू न देणाऱ्या वस्तूवर विश्वास कसा ठेवायचा?

त्या दिवशी सकाळी माहेरून, टोकावड्याच्या अलीकडच्या आमच्या पाड्यावरून, भावाचा फोन आला. "बाबांना जरा बरं नाय. ये तू. घाबरण्यासारखं काय नाय."

हे वाक्य आमच्याकडे कधी बोलतात ते मला पक्कं ठाऊक आहे. माणूस गेला की लांबच्या लेकीला तसं सांगत नाहीत. वाटेत तिचं काही होऊ नये म्हणून 'जरा बरं नाही' एवढंच कळवतात, आणि ती अंगणात पोचेपर्यंत सगळे तोंड मिटून असतात. माझ्या आत्याला असंच आणलं होतं, आणि आणणाऱ्यांत मी होते. भावाला खोदून विचारावं तर रेंज गेली. पुन्हा लावला, लागेना.

रात्री लाइट नव्हती, म्हणून गाडी घरी चार्ज झालेली नव्हती. एरवी आम्ही शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला निघतो आणि तिथून टोकावड्याकडे वळतो. पण फास्ट चार्जर मुरबाडच्या ढाब्यावर, त्यामुळे वाट वाकडी करून तिकडे जावं लागलं. तिथे चार्जिंगची गन एकच, आणि ती कल्याणला सीटवर भाडी नेणाऱ्या एका गाडीला लावलेली. मागे आणखी दोन गाड्या. मुरबाडला नंबर म्हणजे नंबर. जीप स्टँडवर जो नियम, तोच चार्जरवर. मध्ये घुसलात तर चारचौघांत उद्धार होतो.

नवरा उतरून त्या ड्रायव्हरकडे गेला. माझ्याकडे पाठ करून हळूच काहीतरी बोलला. ड्रायव्हरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग त्याने आपलं चार्जिंग अर्ध्यावरच बंद केलं आणि गाडी बाजूला घेऊन आम्हाला जागा करून दिली. मागच्या दोघांनीही आपल्या गाड्या मागे घेतल्या. एकाने तर गाडीतलं गाणंही बंद केलं.

मुरबाडमध्ये आपला नंबर कोण सोडतो?

चार्जरच्या पडद्यावर आकडा चढू लागला. टोकावड्यापुरतं झालंसं दिसल्यावर मी म्हटलं, काढा आता, निघू. पानावर बसल्याबसल्या उठायची घाई असलेला माझा नवरा. तो म्हणाला, "ऐंशीपर्यंत होऊ दे. तोवर तू दोन घास खाऊन घे."

मग शंकाच उरली नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून लेकीला वाटेतच खाऊ घालतात. आत्यापुढे वडापाव मीच धरला होता, आणि 'भूक नाही गं' म्हणत बिचारीने तो खाल्लाही होता. ढाब्यावरच्या बाईने न मागताच भाकरी आणि वालाची भाजी आणून ठेवली. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "खा गो बाय."

"कधी गेले?" मी नवऱ्याला विचारलं.

तो पडद्याकडे बघत राहिला. "मला काही माहीत नाही," म्हणाला. यावर कोण विश्वास ठेवणार? मी तिथेच रडायला लागले. दिवाळीला बाबा थांब म्हणाले होते, आणि मी दुसऱ्याच दिवशी निघून आले होते. ते आठवून जीव नुसता तुटत होता, आणि तो आकडा आपला एकेकाने वर सरकत होता.

पाड्यावर पोचलो आणि घरासमोर दोन-चार माणसं उभी दिसली तेव्हा माझा उरलासुरला धीर सुटला. हंबरडा फोडतच मी अंगणात शिरले.

बाबा ओटीवर बसले होते. सुजलेल्या पायाला कसलासा पाला बांधलेला, हातात चहाची बशी. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काय गो, कोन गेला?"

भावाने खरं तेच सांगितलं होतं. नवऱ्याला खरंच काही माहीत नव्हतं; भावाच्या त्या वाक्यावरून त्यानेही माझ्यासारखंच ताडलं होतं, आणि सासरे गेले असं ड्रायव्हरला सांगून मोकळा झाला होता. तो पायरीवर बसला आणि रुमालाने डोळे पुसू लागला. मी बाबांचा हात धरला तो चहा गार होईपर्यंत सोडला नाही. दोन दिवस राहिले. परतताना ढाब्याकडे फिरकलो नाही, सरळगावाहूनच घरी आलो.

निघताना भावाला बजावलं होतं की जे असेल ते मला सरळ सांगायचं. तो हो म्हणाला, पण माझा विश्वास नाही. खरोखर वेळ येईल तेव्हाही तो म्हणेल, 'जरा बरं नाय', आणि मला काही कळणार नाही. म्हणून आता गाडी ऐंशीच्या खाली आली की मीच तिला चार्जिंगला लावते. नवरा विचारतो, एवढं कुठे जायचंय? मी म्हणते, कुठे नाही.